ई-कॅडहेरिन निगेटिव्ह आलंय, म्हणजे आईचा कॅन्सर पसरलाय का?

पत्र:
डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आई ५६ वर्षांची, आयुष्यभर विड्या वळल्या. डाव्या स्तनात गाठ अशी नव्हती, एक भाग नुसता कडक लागायचा, तो तिने दिवाळीपासून कुणाला सांगितला नाही. मॅमोग्राफीत नीट काही दिसलं नाही, मग सोनोग्राफीखाली बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह. मावसभावाने मोबाईलवर शोधलं तर निघालं की ई-कॅडहेरिन पेशींना धरून ठेवतं, ते नाही म्हणजे पेशी सुटल्या आणि सगळीकडे गेल्या. शेजारच्या काकू म्हणतात सुई लावायलाच नको होती, आता चाकू लागला तर अजून पसरेल. एकाने पेशी परत जोडणारी पावडर सांगितलीय. मावसभाऊ म्हणतो इंटिग्रिन बंद करणारं औषध परदेशातून मागवू. बहीण २९ वर्षांची आहे, तिलाही होणार का? आणि आईला अजून आम्ही कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही. काय करू?
एक वाचक, सोलापूर

उत्तर:
दादा, ज्या भीतीने झोप उडालीय तिच्यापासूनच सुरू करते. ई-कॅडहेरिन निगेटिव्ह ही ओळ वाचून कॅन्सर कुठवर गेलाय हे कळत नाही, कुणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड बघणं हेच माझं काम. ही तपासणी आम्ही कॅन्सरची जात पक्की करायला लावतो. स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा डक्टल जातीचा असतो, आणि साधारण १०० पैकी १० ते १५ जणींमध्ये लोब्युलर निघतो. नुसत्या साध्या रंगाच्या स्लाइडवर कधी कधी शंका राहते, मग ई-कॅडहेरिनचा डाग देऊन बघायचं. डक्टलमध्ये प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, लोब्युलरमध्ये बहुतेक वेळा ती रेघ नसतेच. म्हणजे आईच्या रिपोर्टमधली ती ओळ "लोब्युलर" या निदानाचा पुरावा आहे, बाकी काही नाही. लोब्युलर आहे म्हटल्यावर ती निगेटिव्ह येणं अपेक्षितच होतं.

आता मावसभावाने वाचलंय ते खोटं नाहीये, अर्धं आहे. ई-कॅडहेरिन हा पेशीच्या बाहेरच्या आवरणात बसलेला रिसेप्टर, म्हणजे बाहेरचं काही पकडून आत निरोप देणारं प्रोटीन, त्याचं बाहेरचं टोक शेजारच्या पेशीच्या तशाच टोकाला धरतं आणि त्याला कॅल्शियम लागतं, म्हणूनच त्याच्या नावात तो उल्लेख आहे. जपानमधे क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी ही प्रोटीनं शोधली. आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं, आणि तिथेच बीटा-कॅटेनिन, पी-१२० अशी दुसरी प्रोटीनं बसलेली असतात जी पेशीच्या आत निरोप पोचवतात की शेजारी आहेत, जागा भरलीय, वाढायची गरज नाही. म्हणजे हा रिसेप्टर नुसता धरून ठेवत नाही, वाढीला लगामही घालतो. सीडीएच-१ नावाच्या जीनमध्ये बिघाड झाला की ते प्रोटीन बनत नाही, आणि आतलं पी-१२० आवरणाची कड सोडून पेशीभर पसरतं, आम्ही शंका असली की त्याचाही डाग देतो आणि ते पसरलेलं दिसलं की लोब्युलर पक्कं होतं.

यातूनच तुमच्या आईच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट उलगडते, म्हणून एवढं सांगतेय. पेशी एकमेकींना धरत नाहीत तर त्यांचा गोळा होत नाही, त्या एकामागे एक अशा रांगेने स्तनाच्या ऊतीतून शिरत जातात, मायक्रोस्कोपखाली अक्षरशः एकेरी रांगा दिसतात. गोळा नाही म्हणून हाताला गाठ लागली नाही, नुसता कडकपणा लागला, आणि मॅमोग्राफीत पण ठळक सावली आली नाही. आईने दुर्लक्ष केलं असं घरात कुणी म्हणत असेल तर ते थांबवा. बायकांना वर्षानुवर्षं "गाठ बघा गाठ बघा" एवढंच सांगितलं गेलंय, आणि हिला गाठ नव्हतीच, मग तिला कळायचं कसं? जाड लागणं, एक बाजू घट्ट होणं, कातडी ओढली जाणं, निप्पल आत जाणं हे पण तितकंच दाखवण्यासारखं आहे, हे मी सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या प्रत्येक बैठकीत ओरडून सांगते.

पण पेशी सुटल्या म्हणजे सगळीकडे गेल्या, हे गणित मात्र चुकतं. आपल्या शरीरातली पेशी जागेवरून सुटली की साधारणपणे मरते, तिला जगायला पकड लागते. पेशीच्या खालच्या जाळीला धरणारे दुसरे रिसेप्टर असतात त्यांना इंटिग्रिन म्हणतात, माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत, आणि त्यांच्यातूनच पेशीला "तू जागेवर आहेस, जग" असा निरोप मिळत राहतो. तो निरोप तुटला की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. कॅन्सरची पेशी हा नियम मोडायला शिकते, पण तरीही रक्तात उतरलेल्या पेशींपैकी फारच थोड्या दुसरीकडे जाऊन रुजतात, बहुसंख्य वाटेतच मरतात.

आणि इथे एक गंमत नाही पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. इतकी वर्षं सगळे असंच धरून चालले होते की ई-कॅडहेरिन गेलं की कॅन्सर पसरतो, राहिलं की थांबतो. २०१९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी डक्टल प्रकारच्या कॅन्सरवर उंदरांमध्ये बघितलं, तर ई-कॅडहेरिन काढल्यावर पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या खऱ्या, पण लांबच्या अवयवात कमी रुजल्या, कारण वाटेत जास्त मेल्या. त्याआधी २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं होतं की रक्तात एकेकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा एकमेकींना धरून झुबक्याने फिरणाऱ्या पेशींची दुसरीकडे रुजण्याची ताकद उंदरांमध्ये २३ ते ५० पट जास्त होती. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत बघा, एकटं पोरगं लगेच हरवतं पण हात घट्ट धरून चाललेलं कुटुंब होम मैदानातून पार निघून जातं, तसंच काहीसं. मग लोब्युलर पसरतच नाही का, तर तसंही नाही, खोटा धीर मला द्यायचा नाही. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी उंदरात ई-कॅडहेरिन आणि पी-५३ (पेशीची बेफाम वाढ रोखणारं प्रोटीन) दोन्ही काढले तर लोब्युलरसारखाच कॅन्सर झाला, आणि त्या पेशी पकड नसतानाही जगायला शिकलेल्या होत्या. म्हणजे एकच रिसेप्टर, एका जातीत असल्याने पसरायला मदत, दुसऱ्या जातीत नसल्याने मदत. म्हणूनच सांगते, त्या एका ओळीवरून आईचं भविष्य काढू नका, मोठमोठे संशोधक पण तसं काढत नाहीत.

भविष्य ठरतं ते कशावरून? कॅन्सर केवढा आहे, काखेतल्या नोड्समध्ये, म्हणजे लसिकाग्रंथींमध्ये, गेलाय का, ग्रेड काय, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, ईआर-पीआर हे हार्मोन पकडणारे रिसेप्टर किती पॉझिटिव्ह, हर-टू हे वाढीला चालना देणारं प्रोटीन जास्त आहे का, आणि उपचार वेळेत आणि पूर्ण झाले का यावरून. यातली ग्रेड २, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह ही माहिती तुमच्या हातात आहे, आणि ईआर पॉझिटिव्ह असणं ही चांगली बाजू आहे कारण हार्मोनची गोळी त्यावर चालते. बाकीचं अजून कळायचंय, त्यासाठी तपासण्या आहेत.

सुईचं बोलू. शेजारच्या काकूंचा हेतू चांगला आहे पण हा समज आपल्याकडे फार बायकांचा जीव घेतो. बायोप्सीच्या सुईच्या वाटेत काही पेशी सरकतात हे खरं आहे, आम्हाला ऑपरेशनच्या नमुन्यात कधीकधी त्या दिसतात सुद्धा, पण सुई आणि ऑपरेशन यात जितके दिवस जातात तितक्या त्या कमी सापडतात, कारण वर सांगितलं तेच, पकड सुटलेली पेशी मरते. बायोप्सी केलेल्या बायका त्यामुळे लवकर दगावतात असं कुठेही दिसलेलं नाही. उलट बायोप्सी नसती तर हा लोब्युलर आहे, ईआर पॉझिटिव्ह आहे हे कळलंच नसतं आणि आंधळेपणाने उपचार झाले असते.

आणि चाकूचं म्हणाल तर त्या भीतीवर आपल्याच मुंबईत टाटा हॉस्पिटलने काम केलंय. त्यांनी देशातल्या काही केंद्रांसोबत सुमारे १६०० बायकांवर अभ्यास केला, अर्ध्या जणींना गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे मिळतं त्या जातीचं बधिर करणारं औषध टोचलं. २०२३ मध्ये आलेल्या निकालात पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. औषध अगदी स्वस्तातलं. ऑपरेशनच्या आधी तुमच्या सर्जनना शांतपणे विचारा की हे देता येईल का, विचारण्यात काही वावगं नाही. पण हे लक्षात घ्या की दोन्ही गटांतल्या सगळ्या बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि ऑपरेशन झालेल्यांचेच हे आकडे आहेत. ऑपरेशन टाळून घरी बसलेल्या बाईला असे आकडे मिळत नाहीत.

इंटिग्रिनच्या औषधाबद्दल मावसभावाला माझ्याकडून सांगा की विचार चांगला आहे, शास्त्रज्ञांनाही सुचलाय. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेला मीना बिसेल आणि व्हॅलेरी वीव्हर यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी जेलमध्ये वाढवून बीटा-१ इंटिग्रिनला अडवणारी अँटिबॉडी घातली, तर वेड्यावाकड्या वाढणाऱ्या त्याच पेशी जवळपास नॉर्मल दिसायला लागल्या, जीनमधला बिघाड तसाच असताना. मी शिकत असताना ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. पुढे हेही दिसलं की हाडात जाणाऱ्या पेशींवर अल्फा-व्ही बीटा-३ हा इंटिग्रिन जास्त असतो, आणि २०१५ मध्ये तर असं दिसलं की कॅन्सरच्या पेशी बारीक पिशव्या सोडतात आणि त्या पिशव्यांवर कुठला इंटिग्रिन आहे त्यावर त्या फुफ्फुसात उतरणार की लिव्हरमध्ये हे बऱ्याच अंशी ठरतं. इंटिग्रिन शोधणाऱ्या तिघांना २०२२ चं लास्कर पारितोषिक पण मिळालं. पण दादा, जेलमधली पेशी आणि माणूस यात फार अंतर आहे. सिलेंगिटाइड नावाचं असंच एक औषध मेंदूच्या कॅन्सरवर मोठ्या चाचणीपर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये त्याचा काही फायदा दिसला नाही. इंटिग्रिन अडवणारी औषधं बाजारात आहेत, पण ती आतड्याच्या सुजेवर आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांवर, स्तनाच्या कॅन्सरसाठी एकही मंजूर नाही. परदेशातून मागवून आईच्या शिरेत काही घालायचं नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते.

पावडर तर नकोच. अशा कॅन्सरच्या पेशींमध्ये बहुतेक वेळा त्या प्रोटीनचा जीनच बिघडलेला असतो, कुठलीही पावडर पोटात जाऊन तो जीन दुरुस्त करत नाही. जो विकतोय त्याला विचारा की कुठल्या हॉस्पिटलमध्ये, किती बायकांवर, किती वर्षं बघितलं, आणि मग त्याचं तोंड बघा. पैसे जातील ते जातील, पण अशा पावडरींमुळे लिव्हर बिघडली तर केमो किंवा ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, ते मला जास्त सलतं. आई आधीच काही घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आता करायचं काय. लोब्युलरमध्ये हाताला आणि मॅमोग्राफीत दिसतं त्यापेक्षा कॅन्सर मोठा निघू शकतो, म्हणून ऑपरेशन ठरवायच्या आधी ब्रेस्ट एमआरआयची गरज आहे का आणि दुसऱ्या बाजूचंही बघायचं का हे नक्की विचारा. काखेची सोनोग्राफी झालीय का बघा. पेट स्कॅन करा म्हणून कुणी मागे लागलं तर तो कशासाठी हे विचारा, लोब्युलर त्यात कधीकधी नीट पेटत नाही, म्हणजे काही दिसलं नाही म्हणून काही नाहीच असं होत नाही. या तपासण्यांत दोन-तीन आठवडे गेले तर घाबरू नका, पण महिने जाऊ देऊ नका, लग्नसराई आहे, सुगी आहे, सण आहे असली कारणं नकोत.

कुठे जायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असेल. आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली, म्हणजे हे काम तिथे जुनं आहे. मुंबईला टाटाला जायचं असेल तरी जा, फक्त जाताना कागदी रिपोर्टबरोबर लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या, नाहीतर तिथे परत बायोप्सी करायची वेळ येते आणि काकूंना अजून एक विषय मिळतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटा, ॲडमिट झाल्यावर धावपळ नको.

ऑपरेशन लहान हॉस्पिटलमध्ये झालं तर एक गोष्ट बघा जी कुणी बघत नाही. काढलेला भाग लगेच भरपूर फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, पडला पाहिजे, नुसत्या सलाईनच्या पाण्यात किंवा कोरड्या डब्यात रात्रभर राहिला की पेशी सडतात, ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि मग त्या बाईला हक्काची गोळी मिळत नाही. माझ्या टेबलावर असे डबे आलेत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. डबा घेऊन लॅबला तुम्हालाच पाठवतील कदाचित, तर निघायच्या आधी आत द्रव आहे ना, कशाचा आहे, एवढं सिस्टरना विचाराच.

गोळीबद्दल थोडं. आईची पाळी गेलेली असेल तर लेट्रोझोलसारखी गोळी देतात, टॅमॉक्सिफेन दुसरी. बिग १-९८ नावाच्या मोठ्या चाचणीतल्या बायकांची आकडेवारी नंतर जातीप्रमाणे बघितली तेव्हा लोब्युलरमध्ये लेट्रोझोलचा फायदा टॅमॉक्सिफेनपेक्षा ठळक दिसला होता. कुठली द्यायची ते ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, ठरवतील, पण गोळी पाच वर्षं किंवा जास्त असते आणि बायका दुसऱ्या वर्षी बरं वाटतंय म्हणून बंद करतात. लोब्युलर हा उशिराही डोकं वर काढणारा आजार आहे, काही जणींमध्ये दहा वर्षांनीसुद्धा, म्हणून गोळी आणि तपासणी दोन्ही सोडायचं नाही. आणि हा हाडांबरोबर कधी पोटात, आतड्यावर, अंडाशयातही जातो, तर पुढे कधी पोट फुगलंय, जेवण जात नाही असं महिनाभर राहिलं तर ॲसिडिटी म्हणून गोळ्या खात बसू नका, जुनी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा.

बहिणीबद्दल. आईच्या कॅन्सरमधला ई-कॅडहेरिनचा बिघाड बहुतेक वेळा फक्त त्या स्तनातल्या पेशीत झालेला असतो, तो रक्तातून मुलीला जात नाही. सीडीएच-१ चा जन्मजात बिघाड असलेली घराणी असतात पण फार कमी, आणि त्यांच्यात तरुणपणी पोटाचा एक विशिष्ट कॅन्सर आणि लोब्युलर असं दोन्ही दिसतं. तर आईच्या माहेरी कुणाला जठराचा कॅन्सर, कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय का हे मामा-मावशींना विचारून लिहून काढा, असेल तर जेनेटिक तपासणीचं डॉक्टरांशी बोला. नसेल तर बहिणीने घाबरून काही करायचं नाही, दरवर्षी डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्यायचं आणि मॅमोग्राफी कधीपासून ते आईचं वय सांगून ठरवायचं. हाताच्या तपासणीला कमी समजू नका, टाटानेच मुंबईत १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांमध्ये ते बघितलंय, शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं एवढ्यानेच पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या मावश्या, काकू, शेजारच्या त्या काकू सुद्धा, सगळ्यांना पाठवा.

राहिली आई. तिला सांगा दादा. छप्पन वर्षांची बाई आहे, घर तिने चालवलंय, तुम्ही कोपऱ्यात कुजबुजताय हे तिला दिसत नाही असं वाटतं का? पाच वर्षं गोळी घ्यायची आहे, काखेत नळी ठेवतील, कदाचित केस जातील, हे सगळं तिच्या अंगावर होणार आणि कशासाठी ते फक्त तिलाच माहीत नसणार, हे बरोबर नाही. "आई, स्तनात कॅन्सर निघालाय, गोळी चालते असा आहे, ऑपरेशन करायचंय, मी प्रत्येक वेळी सोबत येणार" एवढं मराठीत, सरळ, बहीण शेजारी असताना सांगा. ती रडेल, मग विचारेल की खर्च किती, कारण आपल्या आया पहिला तोच प्रश्न विचारतात, तर योजनेचं काम त्याआधी करून ठेवा म्हणजे उत्तर तयार असेल.

ऑपरेशननंतर मोठा रिपोर्ट येईल. त्यात कॅन्सर किती सेंटीमीटर, कडा मोकळ्या आहेत का, किती नोड्स तपासले आणि त्यातले किती पॉझिटिव्ह, ईआर-पीआर-हर-टू परत काय आलं हे बघा. ई-कॅडहेरिनची ओळ तिथे परत दिसेल, ती सोडून द्या. बाकीचं कळलं नाही तर नाव झाकून फोटो पाठवा, मी सांगते.